कंपनी विलीन झाली, देणे कोठे गेले?

(दाभोळ येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला जो वीजप्रकल्प आहे, त्याने आपल्या गावाचे नाव जगभर नेले. दाभोळ वीज कंपनीचा हा प्रकल्प 2001 साली बंद पडला. त्याच वर्षी तिची मुख्य भागधारक एन्रॉन दिवाळखोरीत गेली. 2005 साली न्यायालयामार्फत ही मालमत्ता रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे आली, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या भागीदारांनी वाटाघाटी करून आपले येणे तडजोडीने पदरात पाडून घेतले. त्यांच्यापाशी वकिलांची फौज होती. मला आज बोलायचे आहे ते ज्यांना वकिलाची पायरीही परवडत नाही त्यांच्याविषयी.

शहरांत ‘मिस्टरी शॉपर’ नावाचा एक नवा रोजंदार निपजला आहे. नेमून दिलेल्या दुकानात, पेट्रोल पंपावर वा बँकेत साधे गिऱ्हाईक म्हणून जायचे, तेथील वागणूक पाहायची आणि अहवाल धाडायचा. खरेदीचा खर्च बहुधा आधी स्वतःच्या खिशातून. तो आणि मानधन मागाहून. म्हणजे कामगारच मालकाला बिनव्याजी कर्ज देतो! अशात कंपनी दुसरीत विलीन होते. जुने कार्यालय म्हणते, हिशेब नव्यांकडे गेले. नवे म्हणते, तुमचे नाव आमच्या यादीत नाही.

हे उत्तर कायद्याला धरून नाही. 2013 च्या कंपनी कायद्याखाली न्यायाधिकरणाने विलीनीकरण मंजूर केले, की योजनेप्रमाणे मालमत्तेबरोबर देणीही नव्या कंपनीच्या माथी येतात. नुसती मालमत्ता विकत घेतली असेल तर गोष्ट निराळी. तेथे सामान्यतः जुन्याच कंपनीला धरावे लागते. तेव्हा विलीनीकरण झाले की विक्री, हे आधी विचारावे.

पण याच कायद्यातली मेख पाहा. योजनेला हरकत घेणाऱ्या धनकोचे येणे कंपनीच्या एकूण थकीत कर्जाच्या किमान 5 टक्के असावे लागते. दोन-तीन हजारांच्या धनकोला हे दार बंदच. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही संज्ञा आणली खरी, पण बुडालेले मानधन वसूल करण्याची सोय तीत नाही.

उरतो दिवाणी दावा. त्याची मुदत साधारणतः काम झाल्यापासून 3 वर्षे. त्या मुदतीत कंपनीने देणे सहीनिशी लेखी कबूल केले, तर मुदत तेथून नव्याने मोजतात. म्हणून दूरध्वनीवरच्या गोड शब्दांवर विसंबू नका, लेखी मागा.

या कामाची खरी गोम मात्र निराळीच आहे. येथे ओळख लपवणे हीच नोकरीची अट. गिरणीची पाळी सुटली की कामगार दारात एकमेकांना भेटत. येथे दारच नाही. शेजारच्या दुकानात तेच काम कोण करतो, हे याला ठाऊक नसते. गुप्तता दुकानातील निरीक्षणापुरती असावी. स्वतःच्या थकबाकीविषयी चारचौघांत बोलण्याला ती आड येते, असे मी मानीत नाही. एकट्याच्या दोन हजारांसाठी वकील उभा राहणार नाही, पन्नासांची यादी नेली तर निदान कागद वाचील.

बैठक आटोपल्यावर, ज्यांची वा ज्यांच्या मुलांची अशी येणी थकली असतील त्यांनी कामाचे आदेश, खरेदीच्या पावत्या आणि पत्रव्यवहार घेऊन यावे. आज रात्री माझा मुक्काम येथेच आहे.