हर्पीसची परीक्षा

आष्ट्याकडील भागांत अंगावर पुळ्यांचा पट्टा उठला कीं त्यास नागीण म्हणतात. नागिणीनें विळखा पुरा केला कीं माणूस दगावतो, ही समजूतही जुनीच; तीस आधार कांहीं नाहीं. पुरुषाच्या गुह्येंद्रियावर उठणारा हर्पीस हा त्याच कुळांतील निराळ्या विषाणूचा विकार. तो आणि गरमी यांचा भेद नुसत्या डोळ्यांनीं खात्रीनें कळत नाहीं, म्हणून गरमीची व एचआयव्हीची रक्तपरीक्षा सोबत करावी लागते.

हर्पीस मात्र फोडांतच शोधावा. फोड ताजा असतां त्याच्या तळाचा द्राव कापसाच्या बोळ्यानें टिपून पीसीआर पद्धतीनें तपासतात. खपली धरली कीं निदान अवघड होतें. सांगली-मिरज तासाभराच्या वाटेवर असतां नेमके हेच दोन-तीन दिवस पुरुष लाजेपायीं मलमें लावण्यांत घालवितो, आणि पुढें कोठून तरी रक्ताचा कागद घेऊन येतो. त्या कागदावर किती भार टाकावा? रक्तांत प्रतिपिंडें दिसूं लागण्यास १२ आठवडे, क्वचित् अधिकही लागतात; सीमेवरचा आकडा पुष्कळदां फसवा ठरतो; आणि विषाणु केव्हां व कोणाकडून आला, हें तर तो कागद सांगूंच शकत नाहीं. विषाणु वर्षानुवर्षें मुकाट राहूं शकतो. तेवढ्यावरून पत्नीवर आळ घेणें हा शुद्ध अन्याय होय. लक्षणें नसणारांची सरसकट रक्तपरीक्षा करूं नये, असा निर्णय अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०२३ सालीं दिला, तो याच कारणांनीं.

शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकांत औषधांचे संच रंगांवरून ओळखतात. हर्पीसचा संच लाल. त्यांत असायक्लोव्हिरच्या गोळ्या, दिवसांतून तीन वेळां, सात दिवस. विषाणु त्यांनीं समूळ जात नाहीं, फोड मात्र लौकर सुकतात.