कन्नौजची देग आणि आपला हातोडा

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘धंदा आणि सचोटी’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. म्हणून आज एका परप्रांतीय धंद्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. तो धंदा अत्तराचा. तांबटांपुढे अत्तराचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कन्नौजचे अत्तर तांब्याच्या भांड्यातच जन्म घेते, हे ध्यानी घ्यावे.

कन्नौज ही हर्षवर्धनाची राजधानी. अकबराच्या पदरी सुगंधाचे स्वतंत्र खाते होते, हे ‘ऐन-ए-अकबरी’त नमूद आहे, आणि गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नूरजहानच्या मातोश्रींस दिले आहे. परंतु राजे गेले, भट्ट्या राहिल्या. त्या राहिल्या लहान लहान घराण्यांच्या हातून.

पहाटे खुडलेली फुले पाण्यासह तांब्याच्या देगेत भरतात व झाकण चिकणमातीने लिंपतात. सुतळी गुंडाळलेल्या वेळूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे. ते पाण्याच्या हौदात ठेवलेले असते आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ निवते, सुगंध तेलात मुरतो, खालचे पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. नव्या फुलांनी हा क्रम अनेक दिवस चालतो. जाळ लाकडांचा व शेण्यांचा; त्यास घड्याळ नाही, मापक नाही. भपक्यास हात लावून आणि देगेतील खदखद ऐकून कारागीर आच राखतो. शेवटी अत्तर चामड्याच्या कुपीत घालतात, म्हणजे उरलेला ओलावा झिरपून जातो. भाजलेल्या मातीपासूनही तेथे अत्तर निघते. पहिल्या पावसाचा वास जणू कुपीत भरून ठेवावा!

अशा घराण्याची वाढ कशी होते, ते पाहावे. एका देगेत फुले मावणार ती मोजकीच, आणि तिच्यापाशी जाणता माणूस बसलाच पाहिजे. म्हणून वाढ होते ती एका देगेच्या दोन, दोनांच्या चार अशी. आणि प्रत्येक नव्या देगेपूर्वी एक नवा माणूस तयार करावा लागतो. फुले दिवसभरात कोमेजतात. तेव्हा माळ्याशी बोललेला शब्द मोडून चालत नाही. माणूस, शब्द आणि नाव हेच तेथील भांडवल होय.

या भांडवलाची परीक्षाही झाली. चंदन दुर्मिळ व महाग झाले, तेव्हा पुष्कळांनी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन घातले. कित्येकांचा मोठा गिऱ्हाईक तंबाखू-गुटख्याचा व्यापारी झाला. 2013 साली उत्तर प्रदेशात गुटख्यावर बंदी आली, आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे, हे उमगले. 1991 साली कन्नौजला सरकारने सुगंध व स्वाद विकास केंद्र काढले. तेथे तेलाची परीक्षा होते. तरीही आज चंदनाच्या तेलावरच अत्तर काढणारे आहेत. स्वस्त माल करणारा स्वस्त म्हणूनच विकतो, तोवर आमची तक्रार नाही. पॅराफिनला चंदन म्हणणे, हे मात्र पाप होय.

बंधुहो, आता आपल्या आळीकडे वळू. स्टेनलेस स्टील आले आणि आपले बंब, हंडे, घंगाळी माळ्यावर गेली. अलीकडे तांब्यास पुन्हा मान आला आहे; पण त्याबरोबर मोहही आला. यंत्रावर खळगे उठविलेले भांडे ‘हातचे मठारकाम’ म्हणून विकले, तर गिऱ्हाइकास ते ओळखता येत नाही, असे तरुण मंडळी म्हणतात. खरे आहे, अत्तराच्या गिऱ्हाइकासही पहिल्या दिवशी ओळखता येत नाही. परंतु ज्या दिवशी ओळखता येते, त्या दिवशी एका दुकानाचे नव्हे, साऱ्या आळीचे नाव जाते; आणि प्रामाणिक कारागिराच्या भांड्यासही कोणी हातचे म्हणत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडेच आहे. यंत्राचे भांडे यंत्राचे म्हणून विकावे, हातचे हातचे म्हणून. आणि प्रत्येक कारखानदाराने निदान एका मुलास ठोक्याचा नाद ओळखण्यास शिकवावे, व शिकताना त्यास पोटापुरते वेतन द्यावे. केवळ परंपरेच्या अभिमानावर कोणाचा संसार चालत नाही.

श्रीकालिकामाता आपणां सर्वांस ही बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.