गाणे कोणाचे?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान देण्याचा अधिकार माझ्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिक मास्तरास कितपत आहे, हा प्रश्न मी कार्यवाहांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही, कार्यक्रमपत्रिकाच छापून आणली. तेव्हा अधिकाराचा प्रश्न बाजूस ठेवून मी सरळ विषयाकडे वळतो.

गतवर्षी याच सभागृहात आपल्यातील एका मुलीने गीतरामायणातील एक गीत फार गोड गायिले. गाण्यापूर्वी निवेदन करणाऱ्या तरुणाने सांगितले, "आता ऐकू या एक पारंपरिक भक्तिगीत." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला राग आला असे म्हणवत नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या गीताचा जन्मदिवस आपणांस तारखेसह ठाऊक आहे, ज्याचा कवी ज्या गावचा त्या गावी आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक आहे, ते गीत साठसत्तर वर्षांत बेवारशी कसे झाले? त्या निवेदकास मी दोष देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या वीस वर्षांत जी गाणी घराघरांत गेली, त्यांपैकी दोघांचीच हकिगत मी आज सांगणार आहे.

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावर सीताकांत लाड नावाचे एक रसिक अधिकारी होते. वर्षभर दर आठवड्यास एक गीत प्रसृत करावे आणि त्या गीतांतून संपूर्ण रामकथा सांगावी, ही कल्पना त्यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांच्यापुढे मांडली. गीतांना चाली लावण्याचे काम सुधीर फडके यांच्याकडे आले. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी, या दिवशी सकाळी पहिले गीत लोकांनी ऐकले.

येथे मास्तरकीची सवय म्हणून थोडे गणित करतो. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून गीतेही बावन्न व्हावयाची. परंतु १९५५ साली भाद्रपद अधिक आला. एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, ३८४ दिवस भरतात. बावन्न गीते पुरेनात, ती छप्पन्न झाली. आपण अधिकमासात जावयास अनारसे वाढतो. त्या अधिकमासाने महाराष्ट्राला चार गीते वाढली. आणि ही वाढीव चार गीते लिहावयाची होती कोणास, तर गणितामुळे मॅट्रिकची परीक्षा ज्यास उतरता आली नाही त्यास! माडगूळकर मॅट्रिक नापास होते, ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी लपविली नाही. माडगुळ्याचा हा दरिद्री मुलगा आटपाडी, कुंडल, औंध असा शिकत गेला, आणि परीक्षेने परत पाठविला तेव्हा पोटासाठी चित्रपटाकडे वळला.

पहिल्या गीताची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी गीत लिहून आगाऊ दिले होते; पण ऐन मुद्रणाच्या दिवशी तो कागद फडक्यांकडून गहाळ झाल्याचे कळले. कवी संतापले व पुन्हा लिहिण्यास साफ नकार देऊन बसले. तेव्हा लाडांनी त्यांना एका खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली, आणि पाव तासात गीत कागदावर उतरले, असे सांगतात. मी ही गोष्ट वर्गात अनेक वर्षे मोठ्या रंगात सांगत असे. "पाहा, पंधरा मिनिटांत!" असे म्हणून टेबलावर हात आपटीत असे. पुढे एका चौकस मुलीने विचारले, "गुरुजी, पण ते त्यांनी आधी एकदा लिहिले होते ना?" मी निरुत्तर झालो. त्या मुलीने माझी गोष्ट दुरुस्त केली. पंधरा मिनिटांचे कौतुक करताना आधीच्या बैठकी आपण विसरतो, आणि त्याहून आधीच्या, खेड्यातल्या कीर्तनांच्या व ओव्यांच्या रात्री तर मुळीच धरीत नाही.

त्यानंतर आठवड्यामागून आठवडा गेला. कवीने लिहावे, फडक्यांनी चाल बांधावी, गायकांनी बसवावे आणि ठरल्या वेळी ते आकाशवाणीवरून जावे, असे छप्पन्न वेळा घडले. दोघांनाही चित्रपटांची कामे होतीच. ती थांबली नव्हती. रामाची गीते फडक्यांनी स्वतः गायिली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, बबनराव नावडीकर, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके अशा कितीतरी गळ्यांनी इतर पात्रे उभी केली. व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते, ज्यांनी पुढे फडक्यांच्या कार्यक्रमांत असंख्य वेळा साथ केली. जोगांचे नाव आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे, हे मी विचारीत नाही.

माझा जन्म या सर्वानंतरचा. परंतु माझे वडील त्या काळी विट्यास एका पेढीवर दिवाणजी होते, आणि मालकांच्या ओसरीवर रेडिओ होता. शुक्रवारी सकाळी ओसरी माणसांनी भरून जाई. मालकांच्या मातोश्री रेडिओला हार घालीत व उदबत्ती लावीत, आणि गीत संपेपर्यंत पायातली वहाण कोणी ओसरीवर आणू देत नसत. पुण्याची दैनिके नवे गीत छापीत असत. वडील तो अंक मागून घरी आणीत आणि आई ते गीत वहीत उतरून घेई. आई मराठी चौथी शिकलेली होती. ऱ्हस्वदीर्घ तिच्या स्वाधीन नव्हते, पण अक्षर टपोरे होते. ती वही आजही माझ्यापाशी आहे.

हे व्याख्यान तयार करताना मी ती वही पुन्हा काढली. छप्पन्नपैकी एकेचाळीस गीते तीत आहेत. कोणत्या दिवशी वाटाणे महाग झाले तेही समासात आहे. परंतु पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माडगूळकरांचे नाव नाही, फडक्यांचे नाही. आईच्या लेखी ते गाणे रामाचे होते. तेव्हा निवेदकाला मी कोणत्या तोंडाने बोलू? चित्रकूटावर राम भरताला समजावतो ते गीत माझे वडील वारले त्या रात्री आमच्या घरी म्हटले गेले, तेव्हा मीही कवीचे नाव मनात आणले नव्हते. गाणे इतके आपले झाले की कर्त्याचे राहिले नाही. कवीला याहून मोठा मान नाही असे कोणी म्हणतील. मला ते पूर्णपणे पटत नाही. कारण मान पोटाला लागत नाही, हे दुसऱ्या गाण्याची हकिगत सांगते.

ते गाणे हिंदी आहे, पण त्याची चाल पुणतांब्याच्या माणसाची. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले. १८ नोव्हेंबर रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह आणि कुमाऊँ पलटणीच्या त्यांच्या तुकडीतील शंभरावर जवान शेवटपर्यंत लढून पडले. सारा देश खिन्न होता. कवी प्रदीप त्या दिवसांत मुंबईत माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरत असता त्यांना काही शब्द सुचले. खिशात कागद नाही, लेखणी नाही. त्यांनी कोणाकडून लेखणी मागून घेतली आणि सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद फाडून त्यावर ते शब्द टिपले. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. 'ऐ मेरे वतन के लोगों' या गाण्याचा आरंभ असा झाला.

चाल लावली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांनी. येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. प्रदीप यांचे मूळ नाव रामचंद्र द्विवेदी, आणि सुधीर फडके यांचेही मूळ नाव रामचंद्रच! आज ज्या दोन कृतींविषयी मी बोलत आहे त्यांत तीन रामचंद्र आहेत, आणि ज्याने प्रत्यक्ष रामकथा लिहिली तो मात्र गजानन. असो. सी. रामचंद्र आणि लताबाई यांचे त्या काळी बिनसले होते. प्रदीपजींना तर गाण्यास लताबाईंचाच आवाज हवा होता. त्यांनी मध्यस्थी केली आणि ते जमले.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन व पंतप्रधान नेहरू यांच्या उपस्थितीत लताबाईंनी ते गायिले. नेहरूंचे डोळे भरून आले. "तू आज मला रडविलेस" अशा अर्थाचे ते आपल्याशी बोलले, असे लताबाईंनी अनेकदा सांगितले आहे. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. त्या सभेत कवी प्रदीप नव्हते, ही सर्वांस ठाऊक नसते. त्यांना निमंत्रणच नव्हते! लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यास पान वाढावयास विसरावे, तसे हे झाले. पुढे मार्चमध्ये नेहरू मुंबईस एका शाळेच्या समारंभास आले असता प्रदीपजींनी ते गीत त्यांना स्वतः म्हणून दाखविले. जे राजधानीच्या सभेस सुचले नाही ते एका शाळेत घडले, याचा शिक्षक म्हणून मला अभिमान वाटतो.

या गाण्याचे स्वामित्वधन युद्धात पती गमावलेल्या भगिनींना मिळावे, अशी प्रदीपजींची इच्छा होती. शब्द त्यांचे, म्हणून दान देण्याचा हक्कही त्यांचा. परंतु त्या पैशासाठी प्रकरण न्यायालयात गेले, आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीस १० लाख रुपये त्या निधीत भरण्याचा आदेश दिला. प्रदीपजी ११ डिसेंबर १९९८ रोजीच निवर्तले होते. बेचाळीस वर्षे दर प्रजासत्ताकदिनी आपण ते गाणे ऐकून डोळे पुसले. मीही शाळेच्या झेंड्याखाली उभा राहून पुसले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगावी की नाही याचा मी महिनाभर विचार केला.

१९८३ साली मी एका खेड्यात सातवीस गणित शिकवीत होतो. वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. गणितात कच्चा. त्याच्या वहीच्या मागल्या पानावर मला एक कविता सापडली. घरची बैलजोडी बाजारात विकली त्या दिवसाविषयी ती होती. मी ती वर्गात मोठ्याने वाचली. चांगली म्हणून नव्हे, थट्टा म्हणून, प्रत्येक ओळीनंतर थांबून. वर्ग हसला. मग मी ते पान फाडले आणि म्हणालो, "आधी त्रैराशिक सोडव." त्या काळी माडगूळकरांना जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि ते मॅट्रिक नापास होते हे मी त्याच वर्गाला मोठ्या कौतुकाने सांगत असे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींस भेटल्या नाहीत.

तो मुलगा आज पन्नाशी उलटलेला गृहस्थ आहे व या सभागृहात बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. काल सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो होतो. मी जे बोलावयास गेलो होतो ते बोललो. त्याने मला खुर्ची दिली, सुनेला चहा सांगितला, आणि म्हणाला, "गुरुजी, कविता मला पाठ होती. पान फाडल्याने काय होते?" मी म्हटले, "म्हणून दाखव." त्याने म्हणून दाखविली. दोन कडवी मला आठवत होती, तिसरे मी त्या दिवशी वर्गात वाचलेच नव्हते. घंटा झाली होती.

त्याच्या संमतीने ती कविता यंदाच्या स्मरणिकेत द्यावी अशी विनंती मी संपादकांना केली आहे. वर त्याचे नाव घालावे की नाही ते तो ठरवील.

यापुढे आपल्या मुलींचा गायनाचा कार्यक्रम आहे. नऊ गाणी आहेत. प्रत्येकाचे गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक यांची नावे मी कार्डावर लिहून निवेदकांच्या स्वाधीन केली आहेत. गतवर्षीचाच तो तरुण आहे, आणि कार्ड मागावयास तो आपण होऊन आला. वाचताना घाई करू नये एवढेच त्यास सांगणे आहे. आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी आईच्या, आजीच्या हातच्या गाण्यांच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. झेरॉक्स काढून मूळ प्रत परत करण्याची जबाबदारी माझी.

पेटी लावून केव्हाची तयार आहे, आणि पेटीवाल्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले, ते मी पाहिले आहे.