नखकलेचा व्यवसाय आणि आपल्या ज्ञातीतील भगिनी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला व तरुण यांच्या बैठकीपुढे केलेले भाषण)



मंडळाने आज आमच्यावर सोपविलेला विषय काही वडीलधाऱ्या मंडळींस किंचित चमत्कारिक वाटेल. वधूवर-मेळावा, विद्यार्थ्यांचा गौरव, वसतिगृहाचा निधी या नित्याच्या विषयांच्या पंक्तीत नखे कोठून आली, असा प्रश्न त्यांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या ज्ञातीच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी पिढ्यानुपिढ्या नांदली, त्या ज्ञातीस हा विषय परका कसा म्हणावा?

अलीकडे आपल्या कित्येक घरांतून एक संवाद ऐकू येतो. मुलगी म्हणते, "मला नखांचे काम शिकावयाचे आहे." घरातून उत्तर येते, "एवढी शिकलीस ती पुन्हा लोकांच्या पायांशी बसण्याकरिता काय?" या उत्तरास आम्ही हसत नाही. त्यामागे बलुतेदारीच्या काळातील अनुभव आहे. त्या काळी कामाचा मोबदला सुगीला पेंढ्यांच्या व धान्याच्या रूपाने मिळे. आपल्या कामाचे मोल आपण ठरवावे, किंवा एखादे काम आपण नाकारावे, ही मुभा नव्हती. खरा कमीपणा त्या पराधीनतेत होता. हातातल्या कसबात तो कधीच नव्हता. संत सेना महाराजांनी तर याच धंद्याच्या हत्यारांची रूपके अभंगांत वापरून भक्तीचा मार्ग सांगितला.

नाकारण्याचा अधिकार आपल्या पूर्वजांनी एकदा मोठ्या धैर्याने बजावला होता, याचे येथे स्मरण करणे उचित होईल. इ. स. १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. पोटावर पाय येईल हे ठाऊक असूनही 'हे काम आमचे हात करणार नाहीत' असे ते म्हणाले. धंद्याची प्रतिष्ठा कशाने वाढते, याचा याहून चांगला धडा कोणत्याही पाठशाळेत मिळणार नाही.

आता परदेशातील एक उदाहरण पाहू. १९७५ साली सायगाव पडल्यानंतर अनेक व्हिएतनामी कुटुंबे निर्वासित होऊन अमेरिकेस गेली. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोनजीकच्या एका छावणीत टिपी हेड्रन ही चित्रपट-अभिनेत्री मदतकार्यासाठी जात असे. तेथील स्त्रियांना तिच्या नखांचे मोठे कौतुक वाटले. ते पाहून तिने आपली नखे करणाऱ्या बाईसच छावणीत शिकविण्यास आणले. वीस स्त्रियांची ती पहिली तुकडी. त्यांनी आपल्या बहिणी, भावजया, भाचे यांना शिकविले. आज अमेरिकेतील नखकारागिरांत सुमारे निम्मे व्हिएतनामी वंशाचे आहेत. मात्र नाण्यास दुसरी बाजूही आहे. दर पाडण्याच्या चढाओढीत कारागिरांचे वेतन व आरोग्य यांची आबाळ झाली, आणि २०१५ साली न्यूयॉर्क राज्यास त्यासाठी तातडीचे नियम करावे लागले. एकमेकांस शिकवावे हा त्यातील पहिला बोध. आणि एकमेकांचे दर पाडू नयेत हा दुसरा.

या धंद्याचे मर्म नखाच्या वाढीत आहे. हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ते मुळापासून नवे यावयास सुमारे सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याच्या नखास वर्ष-दीड वर्ष. म्हणूनच जेल किंवा ॲक्रिलिक लावलेले गिऱ्हाईक दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी पडलेली फट भरून घेण्यासाठी परत येते. केसांप्रमाणेच नखे कोणाच्या सवडीची वाट पाहत नाहीत, यातच या व्यवसायाची नियमित कमाई दडलेली आहे.

परंतु हे काम रंग फासण्याचे नव्हे. ॲक्रिलिकमध्ये द्रव व भुकटी यांच्या संयोगाने थर घट्ट होतो. जेल दिव्याच्या किरणांखाली घट्ट होते. न सुकलेले जेल कातडीस वारंवार लागले तर ॲलर्जी जडते, ती बहुधा जन्मभर राहते, आणि पुढे दात भरण्याच्या वेळीही अडचण करू शकते. हा धोका गिऱ्हाइकापेक्षा कारागिरास अधिक. यास्तव नायट्राइलचे हातमोजे, तोंडावर मुखपट्टी व खेळती हवा यांत काटकसर करू नये. पोलादी हत्यारे प्रत्येक गिऱ्हाइकानंतर स्वच्छ धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावीत. कागदी कानशी दुसऱ्या गिऱ्हाइकास वापरू नये. मेथिल मेथाक्रिलेट हा स्वस्त द्रव नखास इजा करतो, म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्यावर कारवाई झाली. तो कोणी फुकट दिला तरी दुकानात आणू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायाच्या नखांच्या कडा व कातडी कापू नये. नख हिरवे, जाड वा सुटलेले दिसल्यास रंगाखाली झाकण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. १८९० चा नकार आज आपल्या मुलींनी या रूपाने चालवावयाचा आहे.

शिक्षणानंतर लगेच दुकान थाटण्याची घाई नसावी. निदान वर्षभर जाणत्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करावी. त्यानंतर घरच्या सलूनात स्वतंत्र आडोसा करून एक टेबल मांडावे. गिऱ्हाईक बांधले गेले म्हणजे मग गाळा. हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. एका कामास दोन तास धरले, तर दिवसाकाठी फार तर चार कामे होतील. समजा, प्रत्यक्षात दोन झाली आणि प्रत्येकी १,००० रुपये मिळाले. पंचवीस दिवसांचे ५०,००० झाले. त्यातून भाडे १५,०००, साहित्य १०,०००, मदतनीस व वीज मिळून १२,००० वजा जाता १३,००० उरतात. हा नफा नव्हे, ही मालकिणीची मजुरी होय. जी मालकीण आपली मजुरी खर्चात धरीत नाही, तिला धंदा चालतो की बुडतो हे कळण्याआधीच वर्ष सरते. म्हणून घरखर्च व दुकान यांच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

भांडवलासंबंधी दोन शब्द. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत सलून व सौंदर्यगृहासारख्या सेवाव्यवसायांना कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. तीत ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. मात्र एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस तिचा लाभ मिळतो, आणि अर्ज बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे जातो. अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून, धंदा कोण वाढविणार आहे याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती.

आणि वडीलधाऱ्यांस शेवटचे सांगणे. मुलीच्या लग्नासाठी आपण वर्षानुवर्षे पै-पै साठवितो. त्यातील थोडा भाग तिच्या शिक्षणास व हत्यारांस द्यावा. दुकानाची नोंद, बँकेचे खाते व गाळ्याचा करार तिच्या स्वतःच्या नावे करावा. सासरी जाताना दागिने सोबत जातात, तसे कसबही जाते. आणि त्याची वाटणी कोणी मागत नाही. सुनेने हे काम आणले तर सासरच्यांनीही तिला सलूनात हक्काची जागा द्यावी, आडबाजूचा कोपरा नव्हे.

आपल्या धोकटीतील नराणी आता नव्या रूपात पुन्हा हाती आली आहे. या वेळी दर आपला, दुकान आपले, आणि नकारही आपला.