गप्प झाला म्हणजे मेला नव्हे

 

मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. चौकीचा वायरलेस बंद पडला म्हणजे चौकी पडली असं आम्ही धरत नसू. सेट बिघडला असेल, बॅटरी उतरली असेल. डेटाबेसच्या क्लस्टरलाही हाच नियम लागू आहे.

समजा दोन सर्व्हर आहेत, एक मुख्य, एक राखीव. मधली केबल तुटते. राखीवाला वाटतं मुख्य गेला, म्हणून तो कारभार हाती घेतो. मुख्य मात्र जिवंत असतो आणि लिहीतच राहतो. खात्यात 10,000 रुपये. एकानं 8,000 दिले, दुसऱ्यानंही 8,000 दिले. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. दोघांची डिस्क एकच असेल, तर फाइलच नासते.

21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संपर्क 43 सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेनं पश्चिमेकडचे सर्व्हर मुख्य केले. पूर्वेकडच्या काही नोंदी तिथं पोचल्याच नव्हत्या. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे वेगवेगळा हिशेब. त्यांनी घाईपेक्षा डेटा जपला; सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

यावर तीन बंदोबस्त आहेत.

पहिला, कोरम, म्हणजे बहुमत. तिघांपैकी दोघं एकमेकांना दिसत असतील तरच कारभार चालवायचा. एकटा पडलेला आपण होऊन थांबतो. दोनच सर्व्हर असतील तर तिसरा साक्षीदार ठेवा. चार ठेवून फायदा नाही. तीनप्रमाणेच एकाचंच नुकसान सोसता येतं.

दुसरा, फेन्सिंग. अडकून पडलेला सर्व्हर मध्येच जागा होऊन जुनं काम पुढं रेटू शकतो. म्हणून आधी त्याची वीज तोडा किंवा डिस्क बंद करा, मगच राखीवाला पुढं करा. लिनक्सवाले याला स्टोनिथ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी. इतकं रोखठोक नाव फौजेतही सापडणार नाही! वीज तुटल्याची खात्री मिळाली नाही, तर थांबायचं. सेवा बंद राहिली तर लोक चिडतील, पण हिशेब शाबूत राहील. आणि वीज तोडणारं यंत्र त्याच सर्व्हरच्या विजेवर चालत नाही ना, हे बघा. वीज गेली तर दोन्ही एकदम गप्प होतील आणि खात्री कोण देणार?

तिसरा, राखीवाकडे नोंद पोचल्याशिवाय ग्राहकाला 'झालं' म्हणू नका. काम थोडं मंदावेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही.

हे सगळं कागदावर ठेवू नका. चाचणीच्या क्लस्टरवर, लिहिणं चालू असताना, मधली केबल उपटा. मग दोन्ही सर्व्हरवरच्या नोंदी मोजा. दोन्हीकडे नव्या नोंदी दिसल्या, तर तो क्लस्टर अजून कामावर पाठवण्याजोगा नाही.