माशाचा श्वास आणि पाण्याचा ओघ

काचेच्या टाकींतील मासा पुनःपुन्हां पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडूं-मिटूं लागला, कीं घरांतील मंडळींना वाटतें, त्याला भूक लागली आहे. कोणाला तरी दया येते आणि खाद्याची आणखी एक चिमूट पाण्यांत पडते. परंतु ही भूक पुष्कळदां अन्नाची नसते, प्राणवायूची असते. आणि न खाल्लेलें अन्न तळाशीं कुजूं लागलें म्हणजे पाण्यांत उरलेला प्राणवायुहि त्यापायीं खर्च होतो. अशा वेळीं दयाच माशाच्या जिवावर उठते.

मिशाळ माशांच्या बाबतींत तर दुसराहि एक गैरसमज आहे. या देशांतील मागूर व शिंगी यांना कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याचें निराळें इंद्रिय असतें. म्हणून बाजारांत ते ओंजळभर पाण्यांतहि तासन् तास जिवंत राहतात. त्यांच्याकडे पाहून सर्वच मिशाळ मासे असे चिवट असतील, असें मानलें जातें. तें खरें नव्हे.

ब्राझील देशांत अॅमेझॉनला मिळणारी शिंगू नांवाची नदी आहे. तिच्या मोठ्या वळणांतील खडकांच्या कपारींत, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेला, बोटाएवढा एक मिशाळ मासा राहतो. शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शौकीन लोक त्याला झेब्रा प्लेको म्हणतात. त्याच्या नदीचें पाणी ३० अंशांच्या आसपास उष्ण असतें. येथें एक कोडें पडतें. पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. एक लिटर हवेंत २५० मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायु असतो; एक लिटर गोड्या पाण्यांत तो २० अंशांना सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना सुमारें ७.५. मग इतक्या ऊन पाण्यांत हा मासा सुखानें कसा राहतो?

याचें उत्तर ओघांत आहे. खडकांवर आपटून पाणी फुटतें, तेव्हां त्याचा थेंब न् थेंब हवेला भेटतो आणि खर्च झालेला प्राणवायु तत्काळ भरून निघतो. शिवाय वाहतें पाणी कल्ल्यांपुढें सतत नवें येत राहतें. निश्चल पाण्यांत मात्र पृष्ठभागावरचा प्राणवायु खालीं उतरण्यास फार विलंब लागतो. आणि हा मासा तर तळाचाच रहिवासी.

टाकी राखणाऱ्यानें यावरून घ्यावयाचा धडा सोपा आहे. पंपाच्या बुडबुड्यांतून थेट पाण्यांत उतरणारा प्राणवायु थोडा. बुडबुड्यांचें खरें काम तळचें पाणी वर उचलून पृष्ठभाग हलता ठेवण्याचें. तेव्हां पाण्यावर अखंड लहरी दिसाव्या आणि गाळणीचा प्रवाह तळापर्यंत पोंचावा. विसाव्यासाठीं दगडांच्या कपारी असाव्या. गाळणी तुंबूं देऊं नये. रात्रीं पाणवनस्पतीहि प्राणवायु घेतात. म्हणून उन्हाळ्याच्या रात्रीं वीज गेली, कीं धोका सर्वांत मोठा. अशा वेळीं खाद्य बंद ठेवावें. बॅटरीवर चालणारा पंप नसेल, तर टाकींतीलच पाणी पेल्यानें उचलून वीतभर उंचीवरून पुन्हां ओतीत राहावें. नदींत जें काम खडक करतात, तें तेवढा वेळ माणसाच्या हातानें होतें.

खुद्द शिंगूचा ओघ मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. बेलो मोंते धरणाचें बांधकाम २०११ सालीं सुरू झालें आणि २०१६ सालीं तेथें वीज निर्माण होऊं लागली. त्यासाठीं नदीचें पुष्कळसें पाणी कालव्यानें दुसरीकडे वळविलें जातें व मोठ्या वळणांतील प्रवाह रोडावतो. नदींतून पकडलेल्या झेब्रा प्लेकोच्या निर्यातीस ब्राझीलनें बंदी केली आहे. त्या बंदीनें जाळें अडतें. ओघ परत येत नाहीं. टाकींतल्या माशाला पेलाभर पाणी हलवून रात्र काढतां येते; नदींतल्या माशाला त्याची नदीच वाहती ठेवावी लागते.