रविवारी न पळालेला माणूस

आपल्या जळगाव-धुळ्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, कबड्डी, कुस्ती. रग्बी कोण बघतं? अंड्याच्या आकाराचा बॉल छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. कबड्डी कळणाऱ्याला हे पटकन कळेल.

आजचा माणूस त्याच खेळातला. एरिक लिडेल. जन्म १९०२, चीनमधल्या तिआनजिनमध्ये. आईवडील स्कॉटिश मिशनरी. एडिनबरा विद्यापीठात सायन्स शिकता शिकता तो १९२२-२३ मध्ये स्कॉटलंडकडून सात मॅच खेळला, विंगवर. म्हणजे टीममधल्या सगळ्यात फास्ट माणसाची जागा. मग धावण्यासाठी रग्बी सोडलं.

पुढचं 'चॅरियट्स ऑफ फायर' पिक्चरमुळे काहींना माहीत असेल. १९२४, पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरची हीट रविवारी. रविवार देवाचा, म्हणून हा पळालाच नाही. पिक्चरमध्ये त्याला ते ऐन जहाजावर चढताना कळतं. खरं तर काही महिने आधीच कळलं होतं, आणि तेवढ्यात त्याने ४०० मीटरची तयारी केली. ४७.६ सेकंद. गोल्ड!

त्याच वर्षी आपल्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. आणि १९३२ मध्ये गुरुजी धुळ्याच्या जेलमध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते, तेव्हा तिकडे लिडेल रीतसर पाद्री झाला. संबंध काही नाही हो, पण तारखा जुळवायची मला खोड आहे.

१९२५ मध्येच, ऐन फॉर्मात, तो चीनला सायन्स शिकवायला गेला होता. युद्ध आलं. १९४१ मध्ये गरोदर बायको आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी त्याला कधीच बघायला मिळाली नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत कोंडलं.

आता माझ्या मते खरी गोष्ट. छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. मुलांनी एका रविवारी आपली आपण हॉकी लावली. रेफ्री नाही, मग काय, मारामारी. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः रेफ्री म्हणून उभा! गोल्डची शक्यता असताना जो रविवार मोडला नाही, तो पोरांच्या भांडणासाठी मोडला. पिक्चर यावर बनायला हवा होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये तो ब्रेन ट्यूमरने गेला, वय ४३. छावणी सुटली ऑगस्टमध्ये. जायच्या काही आठवडे आधी त्याने आपले झिजलेले, दोऱ्याने बांधलेले धावायचे बूट तिथल्या एका मुलाला थंडीत घालायला दिले होते.